गिरणगावात पुरुषांची कामे कोणती, बायकांची कोणती, आणि ही वाटणी केली कोणी?

लालबागकर

नमस्कार मंडळी.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांतील गिरणगावाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण त्या बोलण्यात गिरणी कामगार म्हणजे पुरुष, हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची ब्लो रूम (कापूस मोकळा व साफ करणे), कार्डिंग (पिंजणे), स्पिनिंग (सूतकताई), कांजी (सुताला खळ देणे) आणि साचेखाते (साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, विणाई) ही खाती पुरुषांची मानली जात. वाइंडिंग (सूत पुढच्या कामासाठी गुंडाळणे) आणि रीलिंग (सुताच्या लड्या करणे) ही दोन खाती मात्र जवळजवळ पूर्णपणे बायकांची होती. दोन्हींतील महिन्याच्या कमाईत फरकही मोठा होता, कारण बायकांची सरासरी कमाई पुरुषांच्या जवळपास निम्मीच भरे.

माझा प्रश्न असा आहे की ही वाटणी कशावर ठरली? अंगातील ताकद, हातातील कसब, घरची रूढी, मालकाचा हिशेब, की सरकारी कायदा? माझे स्वतःचे मत मालकाच्या हिशेबाकडे झुकते. ज्यांच्या घरी कोणी त्या काळात गिरणीत होते, किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

साचेवाल्याचा_नातू

माझे आजोबा साचेखात्यात होते आणि एका वेळी दोन साचे चालवत. साचेखात्यातील आवाज इतका असे की माणसे एकमेकांशी खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. दिवसभर उभे राहायचे, धोटा (आडवे सूत इकडून तिकडे नेणारे साधन) बदलायचा, तुटलेला धागा जोडायचा आणि कापडात दोष राहिला तर दंड भरायचा. हे काम अंगमेहनतीचे होते आणि म्हणूनच ते पुरुषांकडे गेले, असे मला वाटते. यात मालकाचा डाव शोधण्याची गरज दिसत नाही.

मीनल_मँचेस्टर

साचेवाल्याचा नातू, आपल्या आजोबांच्या मेहनतीविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवते. मी गेली अनेक वर्षे लँकेशायरजवळ राहते. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे बहुतेक याच भागातून येत होती. त्याच काळात त्याच जातीच्या साच्यांवर इथे विणाई करणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती, आणि त्यांतल्या कित्येकजणी दोन नव्हे तर चार साचे सांभाळत. रिंग फ्रेमवरचे सूतकताईचे कामही इथे बायकांचे समजले जाई आणि म्यूल या जुन्या पद्धतीच्या कताई यंत्रावरचे पुरुषांचे. जपानच्या सूतगिरण्यांत तर बहुसंख्य कामगार तरुण मुली होत्या. मुंबईत मात्र रिंग फ्रेमवर पुरुष आणि साच्यावरही पुरुष.

यंत्र तेच, वेग साधारण तोच, आणि तरीही एका देशात ते काम बाईचे ठरते व दुसऱ्या देशात पुरुषाचे. ताकद हे खरे कारण असते तर असे घडले नसते.

वडाळ्याची_माई

माझी आजी रीलिंग खात्यात होती. तिच्या कामाचे वर्णन मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की ते इथे लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

स्पिनिंगमधून भरून आलेल्या बॉबिना रीलवर ओळीने लावायच्या. रीलचा घेर दीड यार्डाचा, म्हणजे ५४ इंचांचा असे. त्याचे ८० फेरे झाले की १२० यार्ड सूत गुंडाळले जाई आणि असे सात भाग झाले की ८४० यार्डांची एक लडी पुरी होई. मध्ये धागा तुटला तर रील थांबवून गाठ मारायची आणि ती गाठ बारीक हवी, कारण पुढे हातमागावर विणकराला तीच नडते. सुताचा नंबर जितका, तितक्या लड्या एका पौंडात बसत. म्हणजे २० नंबरच्या सुताचे १० पौंडांचे बंडल करायचे तर २०० लड्या लागत. आजीला शाळा माहीत नव्हती, पण सूत बोटांत धरून ती नंबर सांगू शकत असे. या कसबाला कोणी कसब म्हणाले नाही, याची मला आजही चीड येते.

मजुरी कामाच्या मापावर मिळे. त्यामुळे बॉबिन वेळेवर आली नाही किंवा सूत कच्चे निघाले, की नुकसान तिचे.

कापूसबाजार

माईंनी फार मोलाचे लिहिले आहे. त्यात बाजाराची बाजू जोडतो.

मुंबईच्या गिरण्यांचा सुरुवातीचा मोठा धंदा कापडाचा नसून सुताचा होता, आणि त्या सुताचे मोठे गिऱ्हाईक चीन होते. हे सूत लड्यांच्या बंडलांत जात असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रीलिंगला, म्हणजेच बायकांना, मोठी मागणी होती. पुढे चीनच्या बाजारात जपानने मुंबईला मागे सारले, नंतर चीनमध्येच गिरण्या उभ्या राहिल्या आणि मुंबईच्या मालकांनी आपले सूत स्वतःच विणण्यासाठी साचे वाढवले. साचे वाढले तसे साचेवाले वाढले आणि रीलिंगचे काम घटले. शांघायच्या बाजारातील उलथापालथीने परळमधील बाईचे काम कमी होत होते आणि तिला त्याचे कारण सांगणारे कोणी नव्हते.

विणकर_प्रश्न

या धाग्यात आतापर्यंत पुरुषांची कामे असा एकच गठ्ठा धरला गेला आहे. तो फोडल्याशिवाय प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

साचेखाते सर्व पुरुषांना खुले नव्हते. धोट्यात नवी कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागे, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील कामगारांना त्या खात्यात पाऊल ठेवू दिले नाही. साचेवाल्यांची कमाई चांगली असल्यामुळे या विटाळाच्या कल्पनेची किंमत दरमहा रुपयांत मोजता येत होती. आमच्या घरातील माणसे म्हणूनच स्पिनिंगला राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता.

ज्या कारणाने बाई वाइंडिंगला अडकली आणि ज्या कारणाने आमचे पणजोबा स्पिनिंगला अडकले, ती कारणे एक नाहीत. परंतु दोन्हीकडे काम आधी माणसाची पायरी पाहून वाटले गेले आणि मग ते त्यालाच जमते असे सांगितले गेले.

साचेवाल्याचा_नातू

विणकर_प्रश्न आणि मीनलताई, दोघांचे लिखाण काळजीपूर्वक वाचले. आजोबांनी धोट्याविषयी घरी कधी अवाक्षर काढले नव्हते. ताकदीचा मुद्दा लँकेशायरच्या उदाहरणापुढे टिकत नाही, हे मान्य करायला हवे. तरीही एक शंका उरते. मालकाला बाई निम्म्या मजुरीत मिळत होती, तर त्याने सगळ्याच खात्यांत बायका का भरल्या नाहीत? लालबागकर म्हणतात तसा केवळ हिशेब असता, तर साचेखाते बायकांनी भरून गेले असते.

चिपळूणकर_काका

नातवाची शंका अगदी योग्य जागी बोट ठेवणारी आहे. तिचे उत्तर मुंबईत नाही, ते कोकणात आहे.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. बाकीच्या बायका कुठे होत्या? रत्नागिरी जिल्ह्यात, साताऱ्यात, घाटावर, आपापल्या घरी होत्या. आमच्या वाडीत कर्ते पुरुष गिरणीत आणि वाडीत म्हातारी माणसे, मुले व बायका, हे चित्र तीन पिढ्या होते. तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, गुरे, सरपण, सासूसासऱ्यांचे आजारपण, सावकाराशी बोलणे हे सगळे बाई पाहत असे. नवऱ्याची मनीऑर्डर महिन्याला येई, तीही संप किंवा खाडे नसले तर. गिरणीतली मजुरी कुटुंब पोसण्याइतकी नव्हती. कुटुंबाचे अर्धे पोट शेतावर बाई भरत होती, म्हणून मालकाला पुरुष त्या मजुरीत परवडत होता. मालकाने कोकणातील बाईला एक पैसा दिला नाही, पण तिच्या कष्टावर त्याचा हिशेब उभा होता.

म्हणून मुंबईत कामाला मिळणाऱ्या बायका मुळातच थोड्या होत्या. त्यांत विधवा, परित्यक्ता, किंवा ज्यांची शेती उरली नव्हती अशा घरांतल्या पुष्कळ होत्या. घाटावरच्या भूमिहीन घरांतून नवराबायको दोघेही येत. पुरुष हवे तितके मिळत असताना साचेखात्यात बाई शिकवून तयार करण्याची मालकाला निकड नव्हती.

खानावळीची_लेक

काकांनी गावची बाई दाखवली, मी मुंबईतील दुसरी बाई दाखवते, जी कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती.

एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गाववाले मिळून राहत आणि पाळ्या लावून झोपत. त्यांना जेवण घालणारी ती खानावळवाली. माझ्या पणजीकडे चाळीतले आणि शेजारच्या गाळ्यातले मिळून बरेच गडी जेवायला होते. पहाटे भोंग्याच्या आधी चूल पेटे. भाकरी, कालवण, भात, आणि वाराप्रमाणे सुकी मासळी किंवा मटण. दुपारचे जेवण गिरणीच्या दारात पोचवावे लागे.

या धंद्याचे गणित मी पुरते समजून घेतले आहे. गिरणीत पगार महिन्याचा असे आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास हातात पडे. म्हणजे १ तारखेला जेवायला बसलेल्या माणसाचे पैसे खानावळवालीला सुमारे दीड महिन्याने मिळत. तोवरचे धान्य, तेल, सरपण ती वाण्याकडून उधारीवर आणे आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे. गिरणीचा उशिरा होणारा पगार असा एका बाईच्या चुलीवर तोलला जाई. संप झाला की सहा-सहा महिने हीच उधारी वाढत जाई. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, त्या काळात लोक काय खात होते हे विचारले तर त्याच्या उत्तरात खानावळवालीचे नाव आधी घ्यावे लागेल. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली.

गिरणी_नोंदी

वाइंडिंग-रीलिंगमधील कारभाराविषयी थोडे लिहितो. पुरुषांच्या खात्यात जसा जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, तशी बायकांच्या खात्यात नाईकीण असे. बाईला कामावर घेणे, बदली (गैरहजर बाईच्या जागी काम) देणे, चांगले सूत कोणाच्या यंत्रावर जाईल हे ठरवणे तिच्या हाती असे आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे वरकड पैसे, घेतली जाई. खात्याच्या कारभारात बाईच्या हाती अधिकार असण्याची ही जवळजवळ एकच जागा होती.

दुसरी गोष्ट वेळेची. साचा किंवा रिंग फ्रेम इंजिनाबरोबर सुरू होई आणि इंजिनाबरोबरच थांबे, त्यामुळे माणूस तिथे हजर हवाच. वाइंडिंग-रीलिंगच्या बायका मात्र कामाच्या मापावर असल्यामुळे घरचे आटोपून सकाळी उशिरा येत आणि काम उरकले की लवकर निघत, असे सरकारी चौकशीतही नोंदले गेले आहे. घरकाम आणि गिरणी एका अंगावर पेलायची तर हीच दोन खाती शक्य होती. लहान मुलांना बाळगोळी, म्हणजे अफूची मात्रा, देऊन झोपवून कामावर यावे लागे, हेही त्याच चौकशांत आहे.

वडाळ्याची_माई

गिरणी_नोंदी, उशिरा येणे ही सवलत होती असा अर्थ यातून निघू नये, एवढीच विनंती. तासभर उशिरा आलेली बाई तासाभराची मजुरी गमावत होती, आणि तो तास ती विश्रांती घेत नसे. ती नळावर रांगेत असे.

कायदा_वाचक

मूळ प्रश्नात कायद्याचा उल्लेख आहे, त्याकडे कोणी वळले नाही.

१८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला, तेव्हा प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादाच नव्हती. विजेचे दिवे आल्यावर गिरण्या १३-१४ तास चालू लागल्या. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली आणि स्त्रियांना रात्रीच्या कामाची बंदी पक्की झाली. १९२२ च्या कायद्याने दोघांनाही दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास ठरले. १९२४ मध्ये कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते पास झाले नाही. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये तसा कायदा झाला. १९२८ मध्ये त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकरांनी भाषण केले होते. भत्ता रोजी आठ आणे होता आणि तो मालकाने द्यायचा होता.

माझे म्हणणे असे की हे सर्व कायदे चांगल्या हेतूने झाले, परंतु त्यांनी बाई मालकाला महाग केली. गिरण्यांत रात्रपाळी वाढली तेव्हा त्या पाळीला बाई चालत नव्हती, म्हणून वाइंडिंगलाही पुरुष उभे राहिले.

खानावळीची_लेक

कायदा_वाचक, आपला तपशील बरोबर आहे, पण दोष चुकीच्या दारात ठेवला आहे. भत्ता मालकाच्या एकट्याच्या खिशातून न काढता सर्व गिरण्यांच्या सामाईक निधीतून दिला असता, तर एका बाईला कामावर ठेवणे एका मालकाला महाग पडले नसते. आणि रात्रीची बंदी हटवून बाईला रात्रपाळीला बोलावले असते, तर पहाटे घरी येऊन चूल कोणी पेटवली असती? पुरुषाला रात्रपाळी जमत होती, कारण त्याच्या जेवणाची सोय दुसऱ्या कोणीतरी केलेली होती.

विणकर_प्रश्न

खानावळीच्या लेकीशी पूर्ण सहमत. यात नव्या वेगवान वाइंडिंग यंत्रांचीही भर घालावी. १९३० नंतर मालकांनी कमी माणसांत अधिक काम काढण्याची जी योजना आणली, तिचा वार या खात्यांवरही बसला.

रेवती_सोलापूर

सोलापूरची बाजू इथे यायला हवी. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आमची जुनी गिरणी, सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या. गिरणीच्या आतील वाटणी मुंबईसारखीच होती. पण आमच्या शहरात गिरणीइतकाच हातमाग मोठा होता आणि तिथली वाटणी अधिक बारीक होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत मागावर पुरुष बसे. कांड्या भरणे, सूत उकलणे, ताण्याला (उभ्या सुताला) हात लावणे ही कामे बायका आणि मुले करत. रस्त्यावर लांबलचक ताणा ताणून पांजणी करताना, म्हणजे त्याला खळ लावताना, तर सारे घर राबे. लुगडे विकले गेले की दाम विणकराच्या हाती येई आणि बाईच्या कांड्यांचा वेगळा हिशेब कोणी मांडत नसे. मुंबईच्या वाइंडिंगमधील बाईला निम्मी का होईना, स्वतःच्या नावाने मजुरी मिळत होती. आमच्याकडे तेच काम घरकामात जमा होते.

सोलापुरात आणखी एक गट होता. ब्रिटिश कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये ठेवून तिथून गिरणीत कामाला धाडले जाई आणि त्यांची हजेरी घेतली जाई. त्यांना कोणते काम करायचे हे निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

साचेवाल्याचा_नातू

रेवतीताई, माझ्या आजीच्या माहेरीही माग होता आणि ती कांड्या भरण्याला कधीच काम म्हणत नसे. लग्नाआधी मी घरीच होते, असे सांगे. आपले लिखाण वाचल्यावर घरी थांबणे म्हणजे काय असायचे ते कळले.

लालबागकर

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. मालकाचा हिशेब हे माझे उत्तर चिपळूणकर काकांच्या लिखाणाने बळकट झाले, मात्र तो हिशेब गिरणीच्या चार भिंतींत मांडता येत नाही, त्यात वाडीतील शेत आणि चाळीतील खानावळ धरावी लागते. रीलिंगमधून काम गेलेल्या बायका पुढे कुठे गेल्या, हा धागा अजून सुटायचा आहे. माई, आपल्या आजींचे पुढे काय झाले?

वडाळ्याची_माई

लालबागकर, आजीचे काम १९३० च्या दशकात सुटले. खात्यात यंत्रे बदलली आणि तिच्याबरोबरच्या पुष्कळजणींना घरी बसवले. ती थोडे दिवस वाया गेलेला कापूस वेचण्याच्या कामावर बदली म्हणून जाई, तेही नाईकिणीच्या मर्जीवर. मग तिने दोन गाववाल्यांना जेवायला घेतले, नंतर आणखी काहींना. तिच्या चाळीत रीलिंगमधून सुटलेल्या ज्या बायका होत्या, त्यांतल्या बहुतेकींनी हेच केले; काहींनी भाजीची पाटी घेतली, तर एकजण गावी शेतावर परत गेली. आजोबा मात्र त्याच गिरणीत स्पिनिंगला राहिले.

लालबागकर

म्हणजे खानावळीच्या लेकीने ज्या धंद्याचे गणित मांडले, त्यात रीलिंगच्या बायकाही येऊन मिळाल्या. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या नावाचे पगारपत्रक, कामाचा दाखला किंवा युनियनची पावती असेल, त्यांनी त्यावर खाते कोणते लिहिले आहे आणि काम कोणत्या साली सुटले, एवढे तरी इथे नोंदवावे. खानावळीच्या जमाखर्चाची वही कोणाकडे असेल तर तीही फार उपयोगी पडेल.